पंचनाम्यात मुलंही मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष (जिल्हाधिकारी) आणि सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय नार्को समन्वय समिती,
महाराष्ट्रातले सगळे जिल्हे.

विषय : ज्या घरात गांजा सापडतो, त्या घरातल्या मुलांबाबत.

स.न.वि.वि.

मी महापालिकेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. आता संध्याकाळी घराच्या ओट्यावर गल्लीतल्या पोरांना गणित आणि मराठी शिकवते. फी घेत नाही. एखादी आई निवडलेली मेथी आणून देते, तेवढं पुरतं.

हे पत्र एकाच जिल्ह्याच्या नावानं लिहिलं असतं तर गल्ली ओळखू आली असती, आणि गल्ली कळली की मुलगी कळते. म्हणून सगळ्यांनाच लिहितेय, आणि दोन-चार खुणा मुद्दाम पुसल्यात. एवढंच सांगते की आमचं शहर पुणे-हैदराबाद रस्त्यावर आहे. हाच ६५ नंबरचा महामार्ग पुढं विजयवाड्यावरून मछलीपट्टणमला जातो, आणि आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या ज्या डोंगरांतून गांजा उतरतो तेही त्याच अंगाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंध्र पोलिसांनी अनकापल्लीजवळ दोन लाख किलोच्या आसपास गांजा पेटवून दिला होता. आमच्या गल्लीत सापडला तो दोन किलो तीनशे ग्रॅम. मला त्या दोन किलो तीनशे ग्रॅमबद्दल बोलायचं आहे.

ते घर आमच्या ओळीत सहावं. तिथं राहतात आजी, मुलगा-सून आणि तीन मुलं. थोरली आठवीत, मधला पाचवीत, धाकटी दोन वर्षांची. आजीला सगळी गल्ली अव्वा म्हणते, मीही. पहाटे साडेपाचला नळाला पाणी आलं की त्या घरातली धावपळ चारचौघांसारखीच. फरक इतकाच, की दूध उतू जाऊ नये म्हणून थोरलीला गॅसपाशी उभं करून आई खिडकीतून पुडी द्यायची, आलेली नोट डब्यात टाकायची आणि त्याच डब्यातून मधल्याला पेन्सिलीचे सुट्टे काढून द्यायची. माल तांदळाच्या पिंपात, वर रेशनचा तांदूळ. वास जाणवू नये म्हणून अव्वा दिवसातून तीनदा ऊद घालायची. नव्या भाडेकरूंना वाटायचं, घर फार देवभोळं आहे. गणपतीची सगळ्यात मोठी वर्गणी त्यांचीच असायची. पावती फाडणारा कार्यकर्ता नाव लिहिताना मान वर करत नसे.

कोपऱ्यावर खेळणाऱ्या मधल्याला एक काम होतं. पोलीस दिसले की ‘मामा आले’ म्हणून ओरडायचं. एका दिवाळीत त्याचा सख्खा मामा गावाहून चकल्यांचा डबा घेऊन आला आणि पोरगं आनंदानं तेच ओरडलं. घरात पळापळ झाली, पिशवी मोरीत गेली, आणि मामा बिचारा पाच मिनिटं कडी वाजवत दारात उभा. गल्ली आठवडाभर हसत होती. मीही हसले. पोराला मात्र त्या रात्री मार बसला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्यानं मला विचारलं, “बाई, मग खऱ्या मामाला काय म्हणायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला नऊचा पाढा म्हणायला लावला.

हे सुरू कसं झालं तेही सांगते, कारण तुमच्याकडे येणाऱ्या कागदात ते नसतं. बाप यंत्रमागावर होता. माग भंगारात गेले, हा ट्रकवर क्लीनर झाला. एका खेपेला कुणीतरी एक पिशवी दिली, ‘दोन दिवस घरात ठेव’ म्हणून. दोन दिवसांचे पाचशे मिळाले. पिशव्या येत राहिल्या, मग ‘ठेवतोसच तर थोडा विकूनही दे’ झालं. माल उधारीवर. पुड्या विकायच्या, हिशेब द्यायचा, उरेल ते आपलं. उरायचं कमी आणि उधारी कधी फिटायची नाही. माल टाकणाऱ्याला गल्लीत ‘शेठ’ म्हणतात. तो स्वतः कधी पुडीला हात लावत नाही.

अव्वाचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. माझ्या आईचंही. त्यामुळे ते मला पाठ आहे: पान भिजत घाल, फर्मा ठेवून काप, तंबाखू भर, वळ, दोरा बांध, टोपलं डोक्यावर घेऊन कारखान्याच्या ब्रँचवर जा. तिथला माणूस हजारातून मूठभर विड्या काढून बाजूला फेकणार. ती ‘छाट’. तिचे पैसे नाहीत. मी एकदा अव्वाला सरळ विचारलं होतं, या वयात हे कशाला? तिनं बोटं दाखवली, वाकडी झालेली, आणि म्हणाली, “पुडीला छाट नसते, बाई.”

आता थोरलीबद्दल. हुशार. अक्षर मोत्यासारखं. एका किलोच्या इतक्या वजनाच्या पुड्या किती, उरलं किती, हे ती तोंडी सांगायची. अपूर्णांक मी शिकवले होते, मला वाटायचं माझी शिकवणी फळाला आली. २६ जूनला शाळेत शाहू महाराजांची जयंती असते आणि तोच अमली पदार्थविरोधी दिन. प्रभातफेरीत ‘नशा करी संसाराची दुर्दशा’ हा फलक तिच्या हातात होता. चांगलं अक्षर म्हणून लिहायलाही तिलाच दिला होता.

त्याच पावसाळ्यात शाळेच्या मागच्या भिंतीशी मला एक फेकलेला कागद दिसला. घडी ओळखीची होती, गल्लीत कुणालाही कळेल अशी. उलगडला. आत दोन काड्या, चार बिया. कागदावर माझी लाल शाई. ‘आशिर्वाद’ची वेलांटी मी दीर्घ करून दिली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘अक्षर सुंदर. शुद्धलेखन पाहा.’

संध्याकाळी मी तिला तो कागद दाखवला. ती घाबरली, पण मला वाटलं होतं त्या कारणासाठी नाही. “बाई, कोरी पानं नाही फाडत मी. लिहून झालेलीच घेते.”

तुम्ही विचाराल, मग तुम्ही कळवलं का नाही? विचाराच. दोन वर्षांपूर्वी माझा पाय मोडला. दीड महिना दोन्ही वेळचा डबा सहाव्या दारातून आला. भाजी कुठल्या पैशांची हे मला माहीत होतं आणि मी ती जेवले. तो कागद सापडल्यावर एका कार्यालयात जाऊन आले. गांजाचं सांगायला नव्हे, मुलांचं काही करता येईल का ते विचारायला. तिथं सांगितलं, नाव-पत्त्यासह लेखी द्या, मग बघू. मी घरी येऊन पेन उघडलं आणि बंद केलं. गल्लीतल्या पस्तीस घरांपैकी कुणी लिहिलं नाही. वर्गणी सगळ्यांनी घेतली, अडीनडीला उसने सगळ्यांनी नेले.

नोव्हेंबरात छापा पडला. सकाळची वेळ, आई भाकरी थापत होती. कुणीतरी टीप दिली असणार. पथकातल्या महिला पोलिसानं आधी तव्याखालचा गॅस बंद केला, हे मला आवर्जून लिहायचं आहे, कारण त्या पोलीस बाईंना त्या घरात चूल आहे हे दिसलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीचं चित्रीकरण करावं लागतं, ते मोबाइलवर चाललं होतं. पिंप उपडं केलं, तांदूळ फरशीभर. थोरली दप्तर पाठीला लावून कोपऱ्यात उभी होती, कडेवर धाकटी. ती त्या चित्रीकरणात असणार. बाप मागच्या दारानं पळाला तो अजून फरार आहे.

पंचनाम्याची प्रत अव्वानं वकिलाकडून माझ्याकडे आणली, तिला वाचता येत नाही म्हणून. मी मोठ्यानं वाचून दाखवली. उग्र वासाचा, काड्या-बिया-बोंडं मिश्रित गांजा, वजन अमुक. एक लहान वजनकाटा. कागदी पुड्या ४६. वहीची लिहिलेली पानं. रोख ३,७४० रुपये. (यातले तीनशे थोरलीच्या सहलीचे होते, तिनं ते डब्यात वेगळी घडी घालून ठेवले होते.) स्टीलचा डबा, झाकणासह. झाकणासुद्धा लिहिलंय. त्या खोलीत तीन मुलं होती हे कुठंच नाही.

आता थोडं कायद्याचं. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण हे पत्र गल्लीतलेही वाचणार आहेत. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. तो अमलात आला त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी. योगायोग असेल. त्यात गांजाच्या तीन पायऱ्या आहेत: एक किलोपर्यंत थोडा, वीस किलोच्या वर व्यापारी, आणि अधलामधला. थोड्याला एक वर्षापर्यंत, अधल्यामधल्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. व्यापारी असेल तर कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं, आणि जामीनही फार अवघड. दोन किलो तीनशे हा अधलामधला. आणखी एक, कलम २५. आपलं घर अशा कामाला जाणूनबुजून वापरू देणारा मालकही गुन्हेगार. घर कुणाच्या नावावर? आईच्या. घरकुल बाईच्या नावानं द्यायचं हे चांगलं धोरण आहे, मी स्वतः तिचा फॉर्म भरला होता. नवऱ्यानं विकून टाकू नये म्हणून घर तिच्या नावावर झालं, आणि नवरा पळाल्यावर त्या घराखाली तीच सापडली. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. खिडकीतून पुडी तीच द्यायची.

याच वेळी दुसरा कायदा होता, तो कुणी उघडला नाही. बाल न्याय कायदा, २०१५. मुलांकडून अमली पदार्थ विकवून घेणाऱ्याला त्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढं न्यायचं असतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे, मीच रंगवून घेतला होता.

त्या सकाळी गाडी आईला घेऊन गेली. धाकटी तिच्याबरोबर गेली, कारण सहा वर्षांपर्यंतचं मूल कैदी आईजवळ राहू शकतं. मागं उरली सत्तरीची अव्वा, दोन मुलं आणि फरशीवरचा तांदूळ. थोरलीनं तो सुपात भरून निवडला, धुतला आणि दुपारी शिजवला. मी खिडकीतून बघत होते.

त्यानंतरचे दोन महिने हेच माझ्या पत्राचं कारण. तिसऱ्या दिवशी शेठ आला. मुद्देमाल पोलिसांनी नेला असला तरी उधारी त्याच्या वहीत तशीच होती. वर वकिलाची फी त्यानंच भरतो म्हणून सांगितलं, म्हणजे तीही उधारी. फेडणार कोण? अव्वाला डोळ्यांनी दिसत नाही, मधला लहान आहे. थोरली आठ दिवसांनी शाळेत यायची बंद झाली. शाळेत हजेरीपटावर ‘गैरहजर’ लागत राहिलं. संध्याकाळी शिकवणीला मात्र यायची, उशिरा, आणि सारखी रस्त्याकडे बघत. मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, मी विड्या वळणाऱ्यांच्या घरातली, पुड्या बांधणारी बोटं मला कळतात. शिकवणीतल्या चार मुलांच्या आयांनी मुलं काढून घेतली, ‘ती’ बसते म्हणून. वर्गणी घेणारी हीच घरं.

आईला जामीन मिळण्यासारखा होता आणि मिळालाही, पण जामीनदार कोण उभा राहणार? अव्वा माझ्याकडे आली. मला पेन्शन आहे, घर माझ्या नावावर, कराच्या पावत्या फायलीत लावलेल्या. मी म्हणाले, मुलाला विचारून सांगते. मुलगा पुण्यात असतो, त्याला मी विचारलंच नाही. जानेवारीत थोरलीला एका पोरानं पुडीच्या पैशांवरून गल्लीच्या तोंडाशी ढकललं, तिचा ओठ फुटला, तेव्हा कुठं मी कोर्टात जाऊन सही केली. सहीला दहा मिनिटंही लागली नाहीत. दोन महिने लागले ते मला.

तर माझं मागणं. तुमच्या बैठकांच्या बातम्या मी वाचते. किती गुन्हे, किती किलो, किती आरोपी, शाळा-कॉलेजांत किती जनजागृती कार्यक्रम. त्यात एक रकाना वाढवा: छाप्याच्या वेळी घरात किती मुलं होती आणि त्या रात्री ती कुठं झोपली. रकाना असला की खालच्या माणसाला तो भरावा लागतो, आणि भरायचा म्हणजे कुणाला तरी मुलांकडे बघावं लागतं. सरकारी नोकरीत मी तेहेतीस वर्षं काढलीत, रकान्याची ताकद मला माहीत आहे.

राहत्या घरावर छापा घालायचा असेल तेव्हा ठाण्यातला बालकल्याण अधिकारी पथकाबरोबर असू द्या, साध्या कपड्यांत. मुलांना लगेच उचलून बालगृहात टाका असं मी म्हणत नाहीये. अव्वाजवळ राहणं त्यांच्या भल्याचं असेल तर तिथंच ठेवा, पण ते कुणीतरी ठरवलेलं असू द्या, आणि आठवड्यानं परत येऊन बघा. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात कुणी आलं असतं तरी त्याला दिसलं असतं. राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. मी थोरलीसाठी विचारायला गेले तर समोरचा म्हणाला, आईला शिक्षा लागली का, लागली असेल तर कागद आणा. शिक्षा लागेपर्यंत मुलगी आठवीची बारावीत जाईल. कच्च्या कैद्यांच्या मुलांचा प्रश्न तुम्ही महिला व बालविकास खात्याशी एकदा बसून मिटवा. शेठची उधारी २,२५० रुपयांनी फिटणार नाही हे मला कळतं. पण महिन्याचा किराणा तरी त्याच्याकडून येणार नाही.

आणि तो शेठ. फिर्यादीत तो ‘अनोळखी इसम’ आहे. कलम ७८ खाली कुणावर गुन्हा घालायचा असेल तर अव्वावर घालू नका, ते सोपं आहे म्हणून. तेरा वर्षांच्या पोरीला वकिलाच्या फीचा हिशेब सांगणाऱ्यावर घाला. त्याला शोधायला अनकापल्लीपर्यंत जावं लागत नाही.

हे वाचून काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, गांजा कायदेशीरच करून टाका, कॅनडानं २०१८ मध्ये केला, आणि आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग चालते ती कुठं त्या कायद्याच्या व्याख्येत येते? येत नाही, खरं आहे. वाद घालायला मला आवडेल, कधी चहाला या. पण संसदेत काय होईल ते होईल, थोरलीचा शाळेतला पट यंदाच्या जूनमध्ये चालू राहायला हवा आहे.

आई आता एका मेसमध्ये पोळ्या लाटते, तारखांना जाते. धाकटी तिच्याबरोबर परत आली, दार लावलं की रडते. ऊद बंद झालाय. शेठचा माणूस अधूनमधून कोपऱ्यावर मोटारसायकल लावून बसतो, नुसता बसतो, आणि मधला आता ‘मामा आले’ म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. थोरली मार्चपासून शाळेत जाते. मधल्या महिन्यांचा अभ्यास बुडाला, तो आम्ही भरून काढतोय.

तुमच्या बैठकीला कुणी बोलावलंत तर मी येईन. फक्त संध्याकाळी सहानंतरची वेळ नको, शिकवणी असते. ती संपली की थोरलीच्या लिहून झालेल्या वह्या मी ठेवून घेते, माझ्या कपाटात, कुलपात. तिनं कारण विचारलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(ओळीतलं तिसरं दार)